विश्लेषण : मोबाइलला आपले ठिकाण कसे कळते? भास्कराचार्यांनी मांडलेली अंतरांची भूमिती

पावसाळ्यात कळसूबाईच्या वाटेवर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बारी गावातून १६४६ मीटर उंचीच्या या शिखराकडे निघालेले अनेक जण अशा वेळी मोबाइल बाहेर काढतात. नकाशावर निळा ठिपका दिसतो आणि जिवात जीव येतो. हा ठिपका दाखवण्यासाठी आकाशातून कोणी आपल्याला पाहत नसते. मोबाइलला फक्त काही उपग्रहांपासूनची अंतरे कळतात आणि त्या अंतरांवरून तो ठिकाण काढतो.

अंतरांवरून ठिकाण काढण्याची ही भूमिती आज संगणकशास्त्राची मोठी शाखा आहे. पण तिचे मूलभूत प्रश्न जुने आहेत. दिलेल्या अंतरांवरून ठिकाण निघते का? एकच निघते की दोन? आणि अंतरे कमी पडली तर काय? या प्रश्नांवर सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने स्पष्ट भूमिका घेतली होती. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचे नाव भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. ही माहिती त्यांनीच ‘गोलाध्याया’त दिली आहे. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणितज्ञ होऊन गेल्याने त्यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू.

घराण्यात विद्या पिढीजात होती. पुढे सापडलेल्या एका शिलालेखात त्यांची वंशावळ त्रिविक्रमापासून सुरू होते. त्रिविक्रमाच्या मुलाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचा त्यात उल्लेख आहे. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि भास्कर असा क्रम येतो. गणित आणि ग्रहगणित हे या घराचे उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. पंचांग, ग्रहणांच्या वेळा, मुहूर्त यांसाठी राजदरबारालाही अशा घराण्यांची गरज असे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग मानले जातात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पैकी ‘लीलावती’ हे अंकगणित आणि भूमितीचे पाठ्यपुस्तक. पुढची कित्येक शतके देशभरातील विद्यार्थी त्यावर गणित शिकले. अंतरांवरून ठिकाण काढण्याचा धडा याच पुस्तकात आहे.

दोन अंतरांवरून ठिकाण कसे निघते?

समजा, दोन वाड्या एकमेकींपासून १४ किलोमीटरवर आहेत. तिसरी वाडी पहिलीपासून १३ आणि दुसरीपासून १५ किलोमीटरवर आहे. तर तिसरी वाडी नेमकी कुठे? कागदावर पहिल्या वाडीभोवती १३ चे आणि दुसरीभोवती १५ चे वर्तुळ काढले, तर ती जिथे छेदतात तिथे तिसरी वाडी असणार. पण कंपास न वापरता, केवळ हिशेबाने हे कसे काढायचे?

‘लीलावती’त हेच उदाहरण त्रिकोणाच्या रूपात आहे : पाया १४, बाजू १३ आणि १५. रीत अशी. दोन्ही बाजूंची बेरीज घ्यायची, २८. वजाबाकी घ्यायची, २. त्यांचा गुणाकार ५६. त्याला पायाने, म्हणजे १४ ने भागायचे. उत्तर ४. हे ४ पायातून वजा करून निम्मे केले की ५, आणि पायात मिळवून निम्मे केले की ९. शिरोबिंदूपासून पायावर टाकलेला लंब पायाचे हे दोन तुकडे करतो. या तुकड्यांना भास्कराचार्य आबाधा म्हणतात. आता १३ चा वर्ग १६९, त्यातून ५ चा वर्ग २५ वजा केला की १४४. त्याचे वर्गमूळ १२, म्हणजे लंब.

तिसरी वाडी सापडली. पहिल्या वाडीपासून दुसरीच्या दिशेने ५ किलोमीटर जायचे आणि तिथून काटकोनात वळून १२ किलोमीटर. आजचा संगणक याच दोन आकड्यांना निर्देशांक म्हणतो. रीत भास्कराचार्यांनी शोधलेली नव्हती. ब्रह्मगुप्तांच्या ६२८ मधल्या ग्रंथात ती आहे. भास्कराचार्यांचे वेगळेपण पुढच्या पायऱ्यांवर दिसते, जिथे रीत अडते.

उणे सहा म्हणजे कोणत्या दिशेला?

त्यांनी पुढचे उदाहरण मुद्दाम अडचणीचे घेतले आहे. पाया ९, बाजू १० आणि १७. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९. त्याला ९ ने भागले की २१. आता ९ मधून २१ वजा कसे करणार?

भास्कराचार्य उलटी वजाबाकी करतात. २१ मधून ९ गेले १२, त्याचे निम्मे ६. पण हा तुकडा ऋण आहे, म्हणजे विरुद्ध दिशेचा, असे ते सांगतात. दुसरा तुकडा १५. लंब ८. याचा अर्थ लंब पायावर पडतच नाही, पाया मागे वाढवला तर ६ अंतरावर पडतो. ताळा करता येतो : १० च्या वर्गातून ६ चा वर्ग वजा केला तरी ६४ आणि १७ च्या वर्गातून १५ चा वर्ग वजा केला तरी ६४.

ऋण संख्येला दिशेचा अर्थ देणे आज शाळेतल्या संख्यारेषेमुळे सोपे वाटते. युरोपातील अनेक गणितज्ञ त्यानंतरही कित्येक शतके ऋण उत्तर निरर्थक म्हणून बाजूला टाकत होते. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र आज हे चिन्ह नसेल तर पूर्वेचा माणूस पश्चिमेला दिसेल.

अंतरेच खोटी असली तर?

मोजमाप हातात आले की लगेच हिशेबाला लागायचे, ही सवय भास्कराचार्यांना मान्य नव्हती. त्यांनी दोन फसवी उदाहरणे दिली आहेत. एका चौकोनाच्या बाजू ३, ६, २ आणि १२. एका त्रिकोणाच्या बाजू ३, ६ आणि ९. यांचे क्षेत्रफळ काढा असे कोणी म्हणाले तर ती आकृतीच नव्हे, असे त्यांचे उत्तर आहे. एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर आकृती बंदच होत नाही. ३, ६ आणि २ यांची बेरीज ११, ती १२ ला पुरत नाही. ३ आणि ६ मिळून ९, म्हणजे त्रिकोण चपटा होऊन रेषाच उरते.

स्वतःच्या ग्रंथावरील टीकेत ते पडताळ्याची साधी युक्ती सुचवतात. तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्या आणि मांडून पाहा. आकृती होत नाही हे डोळ्यांना दिसेल.

मोबाइलमधील प्रणालीही अशीच चाळणी लावते. उपग्रहाचा संदेश डोंगराच्या कड्यावर आदळून, वळसा घेऊन आला तर अंतर वाढलेले दिसते. मग इतर अंतरांशी त्याचा मेळ बसत नाही. पुरेसे उपग्रह दिसत असतील तर असे अंतर ओळखून वगळता येते. पुरेसे नसतील तर ते उत्तरात मिसळते आणि निळा ठिपका दरीच्या पलीकडे जाऊन बसतो.

चौकोनाचा वाद काय होता?

भास्कराचार्यांची सर्वात कडक भाषा चौकोनासाठी राखलेली आहे. चारही बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ देणारे एक सूत्र ब्रह्मगुप्तांपासून चालत आले होते. भास्कराचार्यांनी ते दिले, पण त्रिकोणाला ते अचूक आणि चौकोनाला ढोबळ असा शेरा मारून. उदाहरणही दिले. पाया १४, समोरची बाजू ९, उरलेल्या बाजू १३ आणि १२, लंब १२. सूत्राने क्षेत्रफळ १४० पेक्षा थोडे जास्त येते. प्रत्यक्षात ते १३८ आहे. चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असतील तर ब्रह्मगुप्तांचे सूत्र तंतोतंत लागू पडते. पण समोरचा चौकोन तसा आहे की नाही, हे नुसत्या बाजूंवरून ठरत नाही. भास्कराचार्यांचा आक्षेप नेमका यावर होता.

त्यांचे कारण असे : बाजू त्याच ठेवून चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे जवळ आणले की उरलेले दोन लांब जातात. आकृती बदलते, क्षेत्रफळही बदलते. त्यांनी प्रत्येक बाजू २५ असलेला चौकोन घेतला. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. तोच चौरस असेल तर ६२५. बाजू तशाच, उत्तरे तीन.

म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच्च म्हणतात, आणि तरीही उत्तर देणाऱ्याला त्याच्याही वरचा नंबर देतात. पूर्वसूरींबद्दल आदर बाळगणाऱ्या परंपरेत हे बोल जहाल होते. पण मुद्दा व्यवहाराचा होता. जमिनीच्या चार बाजू मोजून क्षेत्र ठरवले आणि कर्ण मोजलाच नाही, तर कोणाचे तरी नुकसान होणार.

शेताचे लाकडी फाटक बनवणारा सुतार हे गणित न मांडता जाणतो. चार पट्ट्यांची चौकट कलते, तिरकी पट्टी ठोकली की ती ताठ होते. विसाव्या शतकात या ताठपणाचा नियम सिद्ध झाला. सपाटीवर जितके बिंदू, त्याच्या दुप्पट करून तीन वजा करा, किमान तितकी अंतरे हवीत, आणि ती योग्य रीतीने वाटलेली हवीत. १९२७ मध्ये हिल्डा गायरिंगर यांनी आणि १९७० मध्ये स्वतंत्रपणे जेरार्ड लामन यांनी तो मांडला. चार कोपऱ्यांसाठी दुप्पट आठ, उणे तीन, म्हणजे पाच. चार बाजू आणि एक कर्ण. भास्कराचार्यांनी मागितलेले पाचवे माप ते हेच.

संगणकाला हे अवघड का जाते?

तीन ज्ञात ठिकाणांपासूनची अंतरे माहीत असतील तर सपाटीवरचा नवा बिंदू पटकन सापडतो. दोन अंतरांवर दोन शक्यता उरतात, एक रेषेच्या अलीकडे आणि एक पलीकडे. तिसरे अंतर त्यातली एक निवडते. मात्र तिन्ही ठिकाणे एका रेषेत नसावीत.

पण शेकडो बिंदू आहेत, आणि प्रत्येकाला फक्त शेजारच्या एक-दोन बिंदूंपासूनचे अंतर माहीत आहे, अशी स्थिती असेल तर? जंगलात विखुरलेली संवेदक यंत्रे किंवा प्रथिनाच्या रेणूतले अणू अशाच स्थितीत असतात. प्रत्येक ठिकाणी अलीकडे की पलीकडे हा पर्याय उभा राहतो आणि शक्यता दुपटीने वाढत जातात. अशा सर्व प्रश्नांना लागू पडणारी झटपट रीत आजवर सापडलेली नाही. हा प्रश्न संगणकासाठी अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे जेम्स सॅक्स यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले. तरी व्यवहारात उपयोगी पडतील अशा युक्त्या आहेत. अणूंमधील अंतरांच्या अंदाजावरून प्रथिनांची त्रिमितीय रचना काढण्याच्या पद्धतीसाठी कुर्ट व्युथ्रिख यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

हात पोहोचत नाही तिथले अंतर कसे मोजायचे?

प्रत्येक ठिकाणी दोरी घेऊन जाता येत नाही. ‘लीलावती’त यासाठी सावलीचा धडा आहे. दिवा उंचावर आहे, त्याच्यापर्यंत जाता येत नाही. १२ अंगुळे उंचीची काठी, म्हणजे शंकू, उभी केली तर ८ अंगुळे सावली पडते. तीच काठी सावलीच्या दिशेने दोन हात पुढे नेली तर सावली १२ अंगुळे होते. २४ अंगुळांचा एक हात. एवढ्यावरून दिव्याची उंची साडेसहा हात निघते आणि दिव्याखालच्या जागेपासून काठी किती दूर आहे तेही कळते. सगळा हिशेब त्रैराशिकाचा.

‘गोलाध्याया’तील यंत्रांच्या प्रकरणात भास्कराचार्य पाण्याच्या घटिकेपासून अनेक उपकरणे सांगतात आणि शेवटी सर्वांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्र सांगतात. धी म्हणजे बुद्धी. सामग्री एक साधी काठी. काठीच्या एका टोकाशी डोळा लावून दूरच्या बांबूचे बूड न्याहाळायचे, मग शेंडा. काठीच्या दोन्ही टोकांपासून जमिनीवर लंब सोडायचे आणि त्यांच्या लांबीतला फरक मोजायचा. त्यावरून बांबू किती दूर आणि किती उंच ते काढायचे. बांबूचे पाण्यातले प्रतिबिंब दिसत असेल तर तेवढ्यावरूनही हे साधते.

हीच नजर त्यांनी पृथ्वीला लावली. एकाच रेखावृत्तावरील दोन गावांमधले अंतर योजनांत मोजा, त्यांच्या अक्षांशांतला फरक अंशांत मोजा आणि ३६० अंशांना किती योजने हे त्रैराशिकाने काढा. पृथ्वीचा परिघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे. मग पृथ्वी सपाट का दिसते? मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अफाट आहे आणि माणूस लहान, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

वेळेवरून ठिकाण कसे कळते?

उत्तर-दक्षिण ठिकाण ध्रुवताऱ्याच्या किंवा मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून कळते. पूर्व-पश्चिम ठिकाण काढणे अवघड. त्यासाठी भारतीय ज्योतिषात चंद्रग्रहणाचा आधार घेत आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’तही ती रीत आहे. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण प्रत्येक गावाची घटिका स्थानिक सूर्यावर चालते. उज्जैनच्या मध्यरेषेसाठी गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतला फरक म्हणजे आपण त्या रेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत याचे माप.

मोबाइलमधील जीपीएसही अंतर फूटपट्टीने मोजत नाही, वेळेने मोजते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आपले ठिकाण आणि संदेश सोडल्याची वेळ कळवतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर येतो. लागलेला वेळ गुणिले वेग म्हणजे अंतर. अडचण अशी की मोबाइलमधील घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके नेमके नसते आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून अज्ञात गोष्टी चार होतात : लांबी, रुंदी, उंची आणि घड्याळाची चूक. चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह लागतात. भारताची नाविक प्रणालीही याच तत्त्वावर चालते. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला.

सांदण दरीत ठिपका का भरकटतो?

अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत उभे राहिले की वर आकाशाची अरुंद पट्टी दिसते. चार उपग्रह त्या पट्टीत सापडले तरी ते आकाशाच्या एकाच भागात दाटलेले असतात. दोन वर्तुळे एकमेकांना आडवी छेदली तर छेदनबिंदू ठसठशीत मिळतो. ती जवळजवळ एकाच दिशेने येऊन घासून गेली तर छेद लांबट होतो आणि अंतरातली थोडी चूक ठिकाणात मोठी होऊन उतरते. मोजमाप तेवढेच अचूक असते, रचना वाईट असते.

वाट चुकलेल्या माणसाचा शोध घेतानाही हे लक्षात ठेवावे लागते. एकाच मोबाइल टॉवरशी संपर्क झाला असेल तर त्यावरून साधारण दिशा आणि अंदाजे अंतर कळते, म्हणजे डोंगरातला एक पट्टा. त्याला बिंदू समजून शोधपथक पाठवले तर वेळ फुकट जातो. रेंज असेल तेव्हाच आपले ठिकाण घरच्यांना किंवा गावातील वाटाड्याला कळवून ठेवणे, आणि वाटेतल्या दोन-तीन ओळखीच्या खुणाही सांगणे, यामागचे कारण भूमितीचे आहे. प्रत्येक खूण शक्यता कमी करते.

भास्कराचार्यांचे पुढे काय झाले?

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना रोजच्या कामात वापरता यावा असा हा आटोपशीर ग्रंथ. त्यानंतरचे त्यांचे लेखन मिळत नाही. तो काळ दख्खनेत सत्ता पालटण्याचा होता. कल्याणीचे चालुक्य मागे पडत होते आणि देवगिरीचे यादव पुढे येत होते.

पुढच्या पिढ्या यादवांच्या आश्रयाला गेल्या. मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने दरबारी बोलावले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. हरिश्चंद्रगडावर तप केल्याचे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते ते योगी चांगदेव वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे घोटाळा होऊ नये.

आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून या चांगदेवाने पाटण येथे मठ काढला. हे पाटण म्हणजे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटणादेवी. तिथल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये मठाला दान दिले आणि त्याचा शिलालेख कोरला गेला. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत. बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरील उत्पन्नातला वाटा मठाकडे वळवल्याची नोंद त्यात आहे. एका गणितज्ञाची पुस्तके शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी बाजाराने भार उचलला, याचा हा लेखी पुरावा.

लीलावती खरोखर मुलगी होती का?

अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसीत भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने टळला आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी पुस्तकाला तिचे नाव दिले, ही प्रसिद्ध गोष्ट याच भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली. भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी आलेली ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. ग्रंथात ते लीलावती नावाने एका बालिकेला उद्देशून प्रश्न घालतात, एवढे खरे. पुढे १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर आले. मराठीत ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ हे पुस्तक आजच्या वाचकाला मूळ रीती समजावून देते.

त्यांचे गाव कुठे होते?

पाटणचा शिलालेख विद्वानांसमोर आणला मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी प्राचीन भारतीय ज्योतिषांचे काळ तपासले आणि त्यात भास्कराचार्यांची वंशावळ पुढे आली. काळाचा प्रश्न सुटला. गावाचा मात्र सुटला नाही.

भास्कराचार्यांनी गावाचे नाव विज्जडविड दिले आहे. काही पोथ्यांत ते विज्जलविड असे येते. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले, विद्वानांची वस्ती असलेले नगर, एवढेच वर्णन. फैजीने बीदर म्हटले. नावाच्या साम्यावरून कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड. शिलालेखामुळे अनेकांचा कल पाटणच्या परिसराकडे आहे. पाटण सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या सातमाळा-अजिंठा रांगेत आहे, म्हणून सह्याद्रीचा उल्लेखही तिथे बसू शकतो. बीदर आणि विजापूर सह्याद्रीपासून बरीच दूर आहेत, त्यामुळे ते दावे अवघड होतात. पण शिलालेख नातवाने मठ कुठे काढला ते सांगतो, आजोबा कुठे जन्मले ते नाही.

हातात असलेल्या खुणा दोन : एक डोंगररांग आणि एक हरवलेले नाव. डोंगररांग शेकडो किलोमीटर लांब आहे आणि नाव अनेक गावांना थोडे थोडे जुळते. या दोहोंवरून एखाद्या गावावर बोट ठेवणे म्हणजे चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ सांगण्यासारखे आहे. भास्कराचार्यांच्या रीतीने चालायचे तर आधी आणखी एक माप हवे. एखादा ताम्रपट, एखादा शिलालेख किंवा जुन्या पोथीच्या शेवटी लेखकाने केलेली गावाची नोंद. ते सापडेपर्यंत सह्याद्रीच्या आश्रयाचे एक गाव, एवढेच उत्तर बरोबर आहे.